परदेशी धान्याचा हिशेब

एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशातील लोकांसाठी फुकट, सवलतीच्या दराने किंवा लांब मुदतीच्या उधारीवर पाठवलेले धान्य, खाद्यतेल, दूधभुकटी आणि अलीकडे त्यांच्याऐवजी दिली जाणारी रोख रक्कम वा कुपने, या सर्वांना मिळून अन्नसाहाय्य म्हणतात. धरणासाठी किंवा वीजकेंद्रासाठी मिळालेले परदेशी कर्ज सामान्य माणसाला दिसत नाही. पोत्यावर छापलेली देणाऱ्या देशाची खूण मात्र रांगेतल्या प्रत्येकाच्या नजरेस पडते, आणि म्हणूनच परकीय मदतीच्या इतर कोणत्याही प्रकारापेक्षा या प्रकाराविषयी लोकांची मते अधिक ठाम आणि अधिक टोकाची आहेत. या धान्याने कोट्यवधी माणसे जगवली असे काही जण म्हणतात, तर त्याने घेणाऱ्या देशांतील शेतकऱ्यांचे भाव पाडले आणि तेथील सरकारांना मिंधे केले, असा आरोप इतर काही करतात. दोन्ही विधानांना पुरावा आहे, परंतु तो वेगवेगळ्या वर्षांचा, वेगवेगळ्या देशांचा आणि मुख्य म्हणजे वेगवेगळ्या वाटपव्यवस्थांचा आहे, अशी या ग्रंथाची भूमिका आहे. एकाच जहाजातून उतरलेला गहू एका ठिकाणी उपकारक आणि दुसऱ्या ठिकाणी अपायकारक का ठरतो, हे टनांच्या आकड्यांवरून क्वचितच उलगडते; धान्य कधी आले आणि ते कोणत्या दराने, कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, याचा शोध घेतला की ते उलगडू लागते.

अभ्यासाच्या सोयीसाठी या साहाय्याचे तीन प्रकार मानले जातात. पहिल्यात धान्य घेणाऱ्या सरकारच्या ताब्यात दिले जाते, ते सरकार ते बाजारात किंवा रेशन दुकानांतून विकते आणि आलेला पैसा अंदाजपत्रकात वापरते; याला कार्यक्रम-साहाय्य म्हणतात. दुसऱ्यात धान्य ठरावीक कामाशी जोडलेले असते, मग ते शाळेतले जेवण असो, गरोदर स्त्रिया आणि बालकांचा पूरक आहार असो किंवा बांधबंदिस्तीच्या कामावरची मजुरी असो. तिसरा प्रकार दुष्काळ, पूर आणि युद्ध यांच्या वेळच्या आपत्कालीन साहाय्याचा. प्रारंभीच्या तीन दशकांत पहिल्या प्रकाराचा वाटा सर्वांत मोठा होता. शीतयुद्ध संपल्यावर आणि श्रीमंत देशांच्या सरकारी कोठारांतले साठे आटल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला आणि तिसऱ्याने त्याची जागा घेतली. हा बदल वाचकाने आरंभीच ध्यानात घेतलेला बरा, कारण पहिल्या प्रकारावरची टीका आजही तिसऱ्याला सर्रास लावली जाते.

या व्यवस्थेचा उगम भुकेल्या देशांच्या गरजेत जितका आहे, तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, अमेरिकी शेतीच्या अडचणीत आहे. आधारभावाने खरेदी केलेल्या गव्हाचे साठे अमेरिकी सरकारकडे तुंबले होते, ते सांभाळण्याचा खर्च वाढत चालला होता आणि देशातल्या बाजारात सोडले असते तर भाव कोसळले असते. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी १० जुलै १९५४ रोजी स्वाक्षरी केलेला ‘पब्लिक लॉ ४८०’, म्हणजेच पीएल ४८०, हा त्यावरचा तोडगा होता. ज्या देशाकडे डॉलर नाहीत त्याने धान्याची किंमत आपल्या चलनात चुकती करावी आणि तो पैसा अमेरिकेच्या नावे त्याच देशात जमा राहावा, ही त्यातील मुख्य कल्पना. १९६१ मध्ये केनेडी प्रशासनाने या कार्यक्रमाला ‘शांततेसाठी अन्न’ असे नाव दिले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जागतिक अन्न कार्यक्रमाची प्रायोगिक स्थापना झाली, आणि १९६७ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये देणाऱ्या देशांनी दरवर्षी किमान ठरावीक धान्य देण्याचे बंधन स्वीकारले.

भारताचा अनुभव या सर्व इतिहासात सर्वांत मोठा आणि अभ्यासाला सर्वांत फलदायी आहे. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला गव्हासाठी कर्ज दिले होते. पीएल ४८० खालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला आणि पुढची पंधरा वर्षे अमेरिकी गहू भारतीय बंदरांत उतरत राहिला. १९६४-६५ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख टन असलेले देशाचे धान्योत्पादन १९६५-६६ मध्ये पाऊस दगा देताच ७ कोटी २० लाख टनांवर घसरले, पाठोपाठ दुसऱ्या वर्षीही अवर्षण पडले, बिहारमध्ये दुष्काळ जाहीर करावा लागला आणि १९६६ या एकाच वर्षात १ कोटी टनांहून अधिक धान्य आयात करावे लागले. अमेरिकेच्या गहू पिकाचा सुमारे पाचवा हिस्सा त्या वर्षी भारताकडे वळला होता. हे धान्य आले नसते तर काय झाले असते, या प्रश्नाला सामोरे न जाता पीएल ४८० वर टीका करणारे लेखन अपुरे आहे, असे स्पष्टपणे म्हणावे लागते.

परंतु याच काळात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून धान्य महिन्या-दोन महिन्यांच्या हप्त्यांनी सोडण्याचे धोरण अवलंबले, आणि पुढचे जहाज निघणार की नाही याचा निर्णय स्वतःच्या हातात ठेवला. भारताने शेतीकडे अधिक लक्ष द्यावे ही त्यामागची एक अपेक्षा होती. व्हिएतनाम युद्धावरील भारताच्या टीकेविषयीची नाराजी ही दुसरी बाजू होती. कोणत्या बंदरात किती दिवसांचा साठा उरला आहे याची मोजदाद करत देशाचे अन्नमंत्रालय चालवावे लागत होते. शेतीच्या दृष्टीने पाहिले तर, अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांनी ज्या सुधारणा मान्य केल्या त्यांपैकी बऱ्याच त्यांना स्वतःलाच हव्या होत्या: १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग यांची स्थापना झाली आणि १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आले. अमेरिकी दडपणामुळे हरितक्रांती झाली की दडपणाच्या अपमानामुळे ती झाली, हा वाद अभ्यासकांत अजून संपलेला नाही. ती घडवण्याची क्षमता असलेले संशोधक, अधिकारी आणि पाणी असलेली शेती देशात आधीच होती, ही बाब त्या वादात पुष्कळदा निसटते.

गव्हाच्या बदल्यात जमा झालेल्या रुपयांची कथाही कमी उद्बोधक नाही. हा निधी इतका फुगला की तो खर्च केला तर महागाई भडकेल आणि साठवून ठेवला तर परकीय सरकारच्या हाती देशाच्या चलनाचा मोठा हिस्सा राहील, अशी कोंडी झाली. अखेर फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने त्यातील सुमारे १,६६४ कोटी रुपये धनादेशाने भारताला परत करून तो प्रश्न मिटवला. याच निधीतून १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन तिकडच्या विद्यापीठांना पाठवली, आणि त्या ग्रंथालयांतील मराठी पुस्तकांच्या संग्रहांचा एक मोठा भाग गव्हाच्या या किमतीतून उभा राहिला. लोकांच्या मनात मात्र पीएल ४८० ची आठवण दुसऱ्याच गोष्टीशी जोडलेली आहे: गाजरगवत त्या गव्हातूनच आले असे महाराष्ट्रात आजही सांगितले जाते. पुण्यात या तणाची नोंद १९५० च्या दशकाच्या मध्यास झाली, म्हणजे पीएल ४८० चा पहिला करार होण्याच्या सुमारास किंवा त्याआधीच, हे पाहता तो समज जसाच्या तसा मान्य करता येत नाही.

अन्नसाहाय्याच्या परिणामांविषयीचा पहिला गंभीर सैद्धांतिक आक्षेप १९६० मध्ये शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी घेतला. स्वस्त परदेशी धान्य बाजारात आल्याने देशी धान्याचे भाव उतरतात, शेतकऱ्याचा उत्पादनातील रस कमी होतो आणि सरकारला शेतीकडे दुर्लक्ष करण्याची मुभा मिळते, असा तो युक्तिवाद होता. याच्या उलट बाजूचा विचार त्याआधीच सुरू झाला होता, आणि त्यात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर यांचा वाटा होता: परदेशी धान्याच्या आधारे अधिक मजुरांना विकासकामांवर घेतले, तर त्या मजुरांची धान्याची मागणी नव्याने निर्माण होते आणि ती आलेल्या धान्याने भागते, त्यामुळे देशी बाजाराला धक्का लागण्याचे कारण उरत नाही. १९७७ मध्ये पॉल आयझेनमन आणि हान्स सिंगर यांनी भारताच्या आकडेवारीवरून दाखवले की आयात गहू मुख्यतः रास्त भाव दुकानांतून, कमी उत्पन्नाच्या लोकांना, खुल्या बाजारापेक्षा कमी दराने गेल्यामुळे एकूण खप वाढला आणि भावांवरचा दबाव शुल्ट्झ यांच्या भीतीपेक्षा पुष्कळ कमी राहिला. या वादातून निघणारा निष्कर्ष तांत्रिक वाटला तरी सर्व क्षेत्राचा पाया आहे: ज्याला एरवी विकत घेणे परवडले नसते त्याच्या पोटात धान्य गेले तर शेतकऱ्याचे नुकसान होत नाही, आणि ज्याने एरवी शेतकऱ्याकडूनच घेतले असते त्याच्या घरी गेले तर निश्चित होते.

दूध महापूर योजनेत याच तत्त्वाचा सर्वांत सुस्पष्ट वापर झालेला दिसतो. १९७० पासून युरोपीय आर्थिक समुदायाकडून जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत १ लाख २६ हजार टन स्निग्धांशरहित दूधभुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल भारताला मिळाले. ही भुकटी फुकट वाटली असती तर गुजरात आणि महाराष्ट्रातील दूध उत्पादकांचे कंबरडे मोडले असते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणि वर्गीस कुरियन यांनी ती वाटली नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या महानगरांच्या डेअऱ्यांना देशी दुधाच्या किमतीला धरून विकली, आणि त्या पैशातून गावोगावच्या संकलन केंद्रांची, शीतकरणाची आणि टँकरची साखळी उभी केली. या योजनेवर १९८० च्या दशकात क्लॉड अल्वारिस यांच्यासारख्या टीकाकारांनी कडक प्रहार केले, संकरित गायींचे आणि मोठ्या शेतकऱ्यांचे फाजील लाड झाले असे म्हटले, आणि त्या टीकेतील काही मुद्दे आजही टिकणारे आहेत. तरीही परदेशी मालाची किंमत ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याने सोडला नाही, हे या योजनेचे वैशिष्ट्य वादातीत आहे, आणि असे उदाहरण जगात क्वचितच आढळते.

अन्नसाहाय्याच्या चर्चेला निर्णायक वळण दिले ते अमर्त्य सेन यांच्या १९८१ च्या ‘पॉव्हर्टी अँड फेमिन्स’ या ग्रंथाने. दुष्काळात माणसे धान्य नसल्यामुळे मरतातच असे नाही, धान्य मिळवण्याचे त्यांचे मार्ग, म्हणजे मजुरी, पीक, विक्रीचा माल आणि सरकारी आधार, तुटल्यामुळे मरतात, हा त्यांचा हक्कदारीचा सिद्धांत. बांगलादेशातील १९७४ च्या दुष्काळात धान्याची दरडोई उपलब्धता आधीच्या वर्षांपेक्षा अधिक होती, हे त्यांनी त्यासाठी दाखवून दिले. त्याच दुष्काळात अन्नसाहाय्याच्या राजकारणाचे अत्यंत कठोर रूप प्रकट झाले. बांगलादेशाने क्युबाला तागाची पोती विकली म्हणून अमेरिकेने आपल्या कायद्यातील निर्बंधावर बोट ठेवले आणि रंगपूर व आसपासच्या भागांत माणसे मरत असताना धान्य रोखून धरले. बांगलादेशाने ती निर्यात थांबवल्यावर धान्य निघाले, पण ते पोहोचेपर्यंत दुष्काळाची तीव्रता ओसरली होती. सेन यांचा सिद्धांत आणि ही घटना यांचा एकत्र विचार केला तर लक्षात येते की मदतीचे धान्य बाजारात येणार आहे या केवळ खात्रीनेही साठेबाजीला आळा बसतो, आणि ती खात्री नाहीशी झाली की भाव प्रत्यक्ष तुटवड्याच्या कितीतरी पुढे धावतात.

महाराष्ट्राच्या १९७२-७३ च्या दुष्काळाकडे या प्रकाशात पाहणे उचित ठरेल. ज्याँ द्रेझ यांच्या अभ्यासानुसार त्या वर्षी राज्यातील दरडोई धान्य उपलब्धता आफ्रिकेतील दुष्काळग्रस्त साहेल प्रदेशापेक्षाही कमी होती, परंतु साहेलमध्ये जशी मनुष्यहानी झाली तशी येथे झाली नाही. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास मजूर होते. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडण्याची ही कामे गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर निघाली, हजेरीपटावर नाव लागले की मजुरी रोखीने मिळे, आणि त्या पैशाच्या ओढीने व्यापारी धान्यही दुष्काळी तालुक्यांकडे वळले. परदेशी साहाय्याचे धान्य येथेही होते: कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवरची मिलो, ती लाल परदेशी ज्वारी, त्या पिढीच्या बोलण्यात आजही येतात. पण गव्हाची किंमत रुपयांत चुकती करण्याची पीएल ४८० ची व्यवस्था तोवर संपली होती, आणि मुख्य आधार राज्याच्या स्वतःच्या यंत्रणेचा होता. सांगली जिल्ह्यातील तासगाव येथे वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सुरू झालेला प्रयोग याच दुष्काळात राज्यभर पसरला आणि पुढे १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात रूपांतरित झाला. सुकडीने जीव वाचवले का, याचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. मात्र ती लहान मुलाच्या आणि थकलेल्या बाईच्या हातात पोहोचली, कारण तिथे आधीच काम, मुकादम आणि हजेरीपट होता.

नेमकी हीच यंत्रणा इथिओपियात १९८४-८५ च्या महादुष्काळात नव्हती. उलट तेथील लष्करी राजवट बंडखोर भागांत धान्य जाऊ देत नव्हती आणि मदतीच्या ट्रकांचा उपयोग लोकांना सक्तीने हलवण्यासाठी होत होता, ज्याविषयी ॲलेक्स द वाल यांनी परखड लेखन केले आहे. पुढील वीस वर्षे त्या देशात दरवर्षी आपत्कालीन मदतीची हाक दिली जाई, धान्य उशिरा येई, आणि कुटुंबे तोपर्यंत बैल विकून मोकळी होत. २००५ मध्ये इथिओपियाने ‘उत्पादक सुरक्षा जाळे’ हा कार्यक्रम सुरू केला, ज्यात सत्तर ते ऐंशी लाख लोकांना वर्षातील टंचाईचे सहा महिने बांधबंदिस्ती, मृदसंधारण अशा कामांच्या मोबदल्यात धान्य किंवा रोख रक्कम मिळण्याची आगाऊ शाश्वती होती. पैसे देणारे तेच परदेशी दाते होते. बदलले होते ते वेळापत्रक. मजुरी वेळेवर मिळाली तेथे कुटुंबांची गुरे आणि बियाणे टिकली, ती रखडली तेथे लाभ पुसला गेला, हे या कार्यक्रमाच्या मूल्यमापनांतून पुनःपुन्हा समोर आलेले आहे.

गेल्या दोन दशकांतील वाद मुख्यतः मदत कोणत्या रूपात द्यावी यावर आहे. अमेरिकी कायद्याप्रमाणे धान्य अमेरिकेतच खरेदी करावे लागे आणि त्याचा किमान निम्मा भाग अमेरिकी ध्वजाच्या जहाजांतून न्यावा लागे. २००७ मध्ये तेथील सरकारी लेखापरीक्षण संस्थेनेच दाखवून दिले की आपत्कालीन मदतीवरील खर्चापैकी सुमारे ६५ टक्के रक्कम धान्यावर नव्हे तर वाहतूक आणि इतर बाबींवर जात होती. त्याच वर्षी केअर या संस्थेने, मिळालेले धान्य गरीब देशांच्या बाजारात विकून निधी उभारण्याची पद्धत चुकीची आहे असे सांगून, त्यातून मिळणारी दरवर्षीची सुमारे साडेचार कोटी डॉलरची रक्कम नाकारण्याचा निर्णय जाहीर केला. स्वतःच्या उत्पन्नावर पाणी सोडणारा असा निर्णय मदत क्षेत्रात दुर्मीळ आहे आणि त्याची नोंद आदराने घ्यायला हवी. युरोपीय संघ, ऑस्ट्रेलिया आणि कॅनडा यांनी दरम्यान आपले धान्यच पाठवण्याचा आग्रह सोडला होता. नऊ देशांतील तुलनेत असे आढळले की धान्य जवळपासच्या बाजारातून घेतल्यास ते सुमारे १४ आठवडे लवकर पोहोचते. उत्तर इक्वेडोरमधील प्रयोगात धान्य वाटण्याचा खर्च रोख रक्कम वा कुपने देण्याच्या तिपटीहून अधिक आला, पण उष्मांकांची वाढ धान्याने अधिक झाली आणि आहारातील वैविध्य कुपनांनी वाढले. यावरून रोख रक्कम सर्वत्र श्रेष्ठ असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल: बाजारात माल असेल तर पैसा उपयोगी, आणि वेढा पडलेल्या शहरात तो निरुपयोगी.

नॅथन नन आणि नॅन्सी चियान यांनी २०१४ मध्ये अमेरिकी गव्हाच्या मदतीमुळे यादवी संघर्ष वाढतात असा निष्कर्ष मांडला आणि मदतविरोधकांनी तो उचलून धरला. नंतरच्या संशोधकांनी मात्र त्या संख्याशास्त्रीय पद्धतीत दोन असंबंधित चढउतार योगायोगाने जुळून आल्याची शक्यता दाखवली. अशा वादांचा निकाल या ग्रंथात लावलेला नाही, परंतु कोणत्या पुराव्यावर किती भार टाकता येतो हे वाचकासमोर ठेवलेले आहे.

हा विषय आज तातडीचा का झाला, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. २०२४ मध्ये जगात सुमारे ६७ कोटी लोक उपाशी होते असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. त्याच वर्षी सुदानमधील झमझम छावणीत आणि २०२५ मध्ये गाझात दुष्काळाची अधिकृत पुष्टी झाली, आणि दोन्ही ठिकाणी धान्याच्या वाटेत माणसे उभी होती. दुसरीकडे २०२२ मध्ये सुमारे १४०० कोटी डॉलरपर्यंत गेलेला जागतिक अन्न कार्यक्रमाचा निधी दोन वर्षांत १००० कोटींच्या खाली आला, त्यातील निम्म्याच्या आसपास वाटा उचलणाऱ्या अमेरिकेने १ जुलै २०२५ रोजी आपली यूएसएड ही मदतसंस्था बंद केली, आणि दुष्काळाची पूर्वसूचना देणारी तिची यंत्रणाही त्या वर्षाच्या आरंभी काही महिने ठप्प झाली. एकेकाळी पीएल ४८० चा तांदूळ आणि गहू घेणारा दक्षिण कोरिया आता दरवर्षी हजारो टन तांदूळ पाठवतो, आणि भारताने २०२२ मध्ये पाकिस्तानमार्गे अफगाणिस्तानला गहू पाठवला. घेणारे देश देणारे होत असताना देण्याचे जुने नियमच त्यांनी उचलायचे की घेतानाचा स्वतःचा अनुभव त्यात ओतायचा, हा प्रश्न दिल्लीतील धोरणकर्त्यांइतकाच मराठी वाचकाचाही आहे, कारण त्या अनुभवाचा एक समृद्ध भाग त्याच्या दुष्काळी तालुक्यांत घडलेला आहे.

प्रस्तुत ग्रंथ अन्नसाहाय्याचा सर्वांगीण इतिहास असल्याचा दावा करत नाही. भारत, बांगलादेश आणि इथिओपिया हे तीन देश त्याच्या केंद्रस्थानी आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी धान्य बंदरातून घरापर्यंत जाताना किती हातांतून गेले, त्यांतील कोणाला निर्णयाचा अधिकार होता आणि कोणत्या महिन्यात ते घरात पोहोचले, याचा माग काढण्याचा प्रयत्न त्यात आहे. कार्यक्रम यशस्वी की अयशस्वी असा शिक्का मारण्याऐवजी त्या कार्यक्रमाविना त्या कुटुंबाचे काय झाले असते, ही तुलना शक्य तेथे मांडली आहे, आणि जेथे ती करण्याजोगी आकडेवारी नाही तेथे निष्कर्ष राखून ठेवला आहे. पोषणशास्त्र आणि धान्यव्यापाराचे जागतिक नियम यांना त्यात आवश्यक तेवढेच स्थान मिळाले आहे. अर्थशास्त्राचे पूर्वशिक्षण नसलेला वाचक, जिल्हा पातळीवर टंचाई हाताळणारा अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थेतला कार्यकर्ता हे तिघे हा ग्रंथ वाचतील असे गृहीत धरून परिभाषा जागच्या जागी उलगडली आहे. पहिल्या भागात धान्य देणाऱ्यांचे हेतू आणि दुसऱ्यात घेणाऱ्यांच्या यंत्रणा येतात. ज्यांना महाराष्ट्राच्या दुष्काळाचा संदर्भ जवळचा वाटतो त्यांनी दुसऱ्या भागापासून वाचायला सुरुवात केली तरी मांडणीत खंड पडणार नाही.